उभ्या गाडीचे टायर

९ एप्रिल, पाडवा

ही डायरी पेंडीच्या कंपनीनं मालकांना, म्हणजे आमच्या यांना, दिली. दरवर्षी देतात. आमच्या मालकांचं सरकी पेंडीचं दुकान. कुठल्या गावाला किती पोती गेली, गाडी किती पळाली, सगळं ते डायरीत लिहायचे. यंदा फेब्रुवारीनंतर एक ओळ नाही. कोरा कागद वाया गेलेला मला बघवत नाही, म्हणून आता मी लिहिणार. माझी शाळा चौथीपर्यंत. चुकलं तर चुकलं, कोण तपासायला येतंय?

आज गाडी गॅरेजमधून घरी आली. फेब्रुवारीत मंद्रूपच्या अलीकडं एका सायकलवाल्याला वाचवायला मालकांनी गाडी वळवली, ती थेट बाभळीखालच्या खड्ड्यात. सायकलवाल्याला खरचटलंसुद्धा नाही. मालकांच्या मांडीचं हाड मोडलं, आत सळई घातली. तो सायकलवाला सिद्राम पेरू घेऊन दवाखान्यात आला, पाया पडला, तर मालकांनी भिंतीकडं तोंड फिरवलं. मी म्हटलं, "अवो, माणूस जिता हाय, बघा तरी." नाही बघितलं. पेरू मी खाल्ले. गोड होते.

गाडीला चारी टायर नवे घालावे लागले. लगेच पुण्याहून नंदीशचा फोन. आमचा एकुलता मुलगा, सगळं त्याला कळतं.

"अव्वा, विकून टाक ती. टायर नवे आहेत तोवर गिऱ्हाईक मिळेल. अप्पा आता काय चालवणार?"

मी म्हटलं, "गाडी विकायची न्हाय."

का विकायची नाही ते त्याला पुण्यात बसून कळत नाही. गाडी होती म्हणून हा माणूस गावोगाव हिंडायचा, चार लोकांत बसायचा, हसायचा, घरी येऊन मला सगळं रंगवून सांगायचा. गाडी गेली की हा खाटेला चिकटला. मग पुन्हा उठवणारा कोण?

नंदीश म्हणाला, "बरं. दसऱ्यापर्यंत थांबतो. दसऱ्याला अप्पांनी स्वतः गाडी चालवून दाखवायची, नाहीतर विकायची."

मी हो म्हटलं. मालक खाटेवरनं म्हणाले, "कशाला? साकु." कानडीत साकु म्हणजे पुरे. मी म्हटलं, "पुरे का न्हाय ते मी ठरवणार."

१४ एप्रिल

नवे टायर, आणि गाडी दसऱ्यापर्यंत उभी. म्हणून टायरवाल्या संघपालला विचारायला गेले. अक्कलकोट रोडच्या कोपऱ्यावर त्याचं दुकान. बंद! मग आठवलं, आज बाबासाहेबांची जयंती. तो पुढच्या चौकात सरबत वाटत होता, कपाळाला निळा गुलाल.

"काकू, आज टायरचं न्हाय. आज सरबत घ्या."

"सरबत घेते, पण तोंड चालूदे. उभ्या गाडीच्या टायरला काय करायचं?"

वाटता वाटता त्यानं सांगितलं. उभ्या गाडीचा टायर खालनं बसतो. सगळं वजन एकाच जागी. माणूस एका कुशीवर पडून राहिला की अंग धरतं, तसं. म्हणून पंधरा दिवसाला गाडी जरा पुढं-मागं सरकवायची. हवा थोडी जास्त ठेवायची. ऊन लागू द्यायचं नाही, नाहीतर रबराला भेगा पडतात. मी अजून विचारणार होते, पण त्यानं तिसरा गिलास हातात दिला आणि डीजेजवळ नाचायला गेला. चांगला नाचतो.

१६ एप्रिल

भेगा पडू नयेत म्हणून काय करायचं हे मला दुसऱ्यानं शिकवायला नको. माझ्या माहेरी चार माग होते. मागावर धोट्याला टोला मारणारा चामड्याचा तुकडा असतो, त्याला पिकर म्हणतात. नवा पिकर आणला की वडील तो महिनाभर तेलात बुडवून ठेवायचे. मग तो दिवसरात्र टोले खातो पण फाटत नाही. चामडं काय आन् रबर काय, दोन्ही मार खाणारीच.

डब्यातलं शेंगतेल घेतलं, जुन्या लुगड्याचा बोळा केला आणि चारी टायर चोळून काढले. न्हाऊ घातलेल्या बाळासारखे चकाकायला लागले. मालक खाटेवरनं सगळं बघत होते. माझं झाल्यावर म्हणाले, "पिकर जनावराचा असतो, महानंदा. टायर न्हाय."

"मग आदी का न्हाय सांगितलं?"

"तू विचारलंस कुटं?"

१८ एप्रिल

सकाळी गाडीखाली मुंग्या. दुपारी उंदीर. उंदरामागं मांजर आलं, मांजरामागं शेजारच्या गोजाबाईचं कुत्रं. कुत्र्यानं मांजराचा नाद सोडला आणि टायर चाटत बसलं. गोजाबाई भिंतीवरनं बघून म्हणते, "आमच्या मोत्याला घरचं जेवण चालंना झालं गं तुझ्यामुळं."

संघपालला बोलावलं. तो बघतच राहिला.

"काकू, गाडी भजी तळायला काढली होती का?"

म्हणे तेलानं रबर सडतं. मी त्याला पिकरचं सांगितलं. तो म्हणाला, "माझा बाप पण मागावरच होता, काकू. त्यानं सायकलच्या टायरला एरंडेल लावलं होतं." तेवढं ऐकून मला बरं वाटलं. मग साबणाचा चुरा घेऊन चारी टायर घासले. कमरेचा काटा ढिला झाला. मालक म्हणाले, "आता झाली ना हौस?" मी बादली आपटली.

३ मे

ऊन असं की पत्र्याखाली उभं राहवत नाही. टायरला जुन्या चादरी गुंडाळल्या. सोलापूरची चादर, दोन पिढ्या टिकते, टायरला काय होतंय. गोजाबाई म्हणाली, "गाडीला थंडी वाजती व्हय गं?" मी म्हटलं, "तुमच्या मोत्याच्या जिभेला घाबरली."

आज गाडी सरकवायचा दिवस. संघपाल आला, एमआयडीसीतनं घरी चाललेले दोघे कामगार सायकली टेकवून आले, मी चौथी. ढकलली. हलेना. पुन्हा ढकलली. संघपालचा चेहरा टोमॅटो झाला. एक कामगार म्हणाला, "काकू, गाडीत काय भरलंय? पेंड?" शेवटी संघपालनं आत डोकावून बघितलं तर हँडब्रेक ओढलेला.

"कुणी ओढला?" मी ओरडले.

मालक पेपर वाचत होते. म्हणाले, "सुरक्षित असावं."

पेपर उलटा होता. दुखण्यानं माणसाचं लक्ष कसं उडतं बघा.

१२ जून

डॉक्टरीणबाईंनी पायाचा फोटो बघितला. म्हणाल्या, हाड छान जुळलंय, काठीसुद्धा सोडा हळूहळू, गाडी चालवायला हरकत नाही.

मालक म्हणाले, "नक्की?"

"नक्की."

"अजून एक फोटो काढून बघा की. दुसऱ्या बाजूनं."

बाई हसल्या. मी म्हटलं, "चांगल्या पायाचे कशाला फोटो? लग्न जमवायचंय का त्याचं?" हे हसले नाहीत. एरवी असल्या बोलण्याला सगळ्यात मोठ्यानं हेच हसतात.

सोमवारी सिद्धेश्वराला गाडीनं जायचं, मी ठरवलं. हे म्हणाले, बघू. नवरा बघू म्हणाला की होच असतं.

१७ जून, सोमवार

नारळ, बेल, उदबत्ती घेऊन बाहेर आले तर पुढच्या उजव्या टायरला हवा नाही. पार बसलेला. मालक म्हणाले, "आता काय करणार! देवाची इच्छा." आणि कपडे बदलायला गेलेसुद्धा. मी रिक्षानं जाऊन आले. रिक्षावाल्याशी भांडण झालं, ते लिहीत नाही, त्याची चूक होती.

२ जुलै

पुन्हा ठरवलं, मंद्रूपला निंगव्वाअक्कांकडं जायचं. अक्का म्हणजे यांची थोरली बहीण. दुकानाची गिऱ्हाइकंही तिकडंच, सगळे यांच्याबद्दल विचारतात, विरुपाक्षअण्णा कधी येणार. सकाळी बघते तर मागचा डावा बसलेला.

संघपालनं टायर पाण्यात बुडवला. बुडबुडा नाही. हवा भरायच्या व्हॉलला थुंकी लावून बघितली. काही नाही.

"काकू, पंक्चर न्हाय. व्हॉल पण बरा हाय. कुणीतरी काडी घालून हवा सोडतंय."

"कोण?"

संघपालनं मालकांकडं बघितलं. मालकांनी आभाळाकडं बघितलं आणि म्हणाले, "पाऊस येणार दिसतोय." आभाळात ढगाचा तुकडा नव्हता.

जाताना संघपाल दाराशी थांबला. हळू आवाजात म्हणाला, "काकू, लांबचा न्हाय हा माणूस. लई जवळचा हाय. त्याच्यावर ओरडू नका. जरा गोडीनं घ्या."

लई जवळचा! म्हणजे भिंतीपलीकडचा. गोजाबाई! आमच्या गाडीमुळं तिच्या मोरीवर ऊन पडत नाही म्हणून किती दिवस कुरकुरतेय. गोडीनं घ्या म्हणून गोडीनंच विचारायला गेले. दोन वाक्यं गोडीनं झाली. तिसऱ्याला ती म्हणाली, "मी गं कशाला हात लावू तुझ्या भज्याच्या गाडीला?" मग सगळी गल्ली बाहेर आली. मालक मला हाताला धरून घरी घेऊन आले. वाटेत म्हणाले, "गोजाबाईचं नाव घेऊ नगंस. तिनं न्हाय केलं."

"तुमाला काय म्हाईत?"

"म्हाईत न्हाय. वाटतंय."

भोळा माणूस. सगळ्यांवर विश्वास.

२१ जुलै

आता पहारा. उद्याचं जाणं ठरलंय म्हणून मीच दिवसभर गाडीसमोर बसणार होते. पण मालक आपणहून म्हणाले, "तू किती वेळ बसणार? घरात कामं पडलीत. मी बसतो." मला भरून आलं. किती दिवसांनी हा माणूस आपणहून काहीतरी करतो म्हणाला. खुर्ची दिली, पाण्याचा तांब्या दिला, ताकाचं भांडं दिलं. सकाळपासून सूर्य बुडेपर्यंत हलले नाहीत. मी दोनदा बघून आले, काठी हातात घेऊन बसलेले, शिपायासारखे.

संध्याकाळी बघते तर तीन टायर बसलेले!

मालक म्हणाले, "डोळा लागला गं जरा."

एवढ्या धडधाकट माणसाच्या नाकासमोर तीन टायर! चोर किती निर्ढावलेला असेल. बिचाऱ्यांचं तोंड एवढंसं झालं होतं. मी एक शब्द बोलले नाही, वर शिरा करून घातला. खाल्ला, पण मान खाली घालूनच.

संघपाल हवा भरायला आला. तीन टायर बघून तिथंच खाली बसला आणि पोट धरून हसायला लागला. माणसाला दुसऱ्याच्या नुकसानीचं हसू येतंच कसं? त्याला शिरा दिला नाही.

११ ऑगस्ट

आज ढकलायला कुणी नाही. संघपाल म्हणाला, "काकू, ढकलायचं सोडा. गाडी चालू करा आन् दोन हात पुढं घ्या. इंजिनाला पण बरं, बॅटरीला पण बरं."

मी मालकांना म्हटलं, बसा. त्यांनी मांडी चोळली. म्हणाले, कळ येतीय. मी म्हटलं, मग मी बसते. दोन हात तर न्यायचीय, लंडनला न्हाय.

मालक अंगणाच्या पार कोपऱ्यात, पाण्याच्या टाकीमागं जाऊन उभे राहिले. तिथनं ओरडायला लागले. "डावा पाय दाब! तो क्लच! दाबूनच धर! आता किल्ली! आता हळू सोड! हळू म्हंजे हळू, तुज्या बोलण्यासारकं न्हाय!" गाडीनं एक उडी मारली आणि बंद पडली. पुन्हा. पुन्हा उडी. पाचव्या खेपेला गाडी सरकली. मला हसू आलं. दोन हात पुढं, दोन हात मागं.

उतरून बघते तर मालक टाकीच्या अलीकडं आले होते. घामानं भिजलेले. म्हणाले, "क्लच बरा सोडलास." शिकवताना आवाज अगदी पूर्वीसारखा होता.

३० ऑगस्ट

आता रोज सकाळी. अंगण पुरेना म्हणून एमआयडीसीच्या मागच्या रिकाम्या गल्लीत. मालक आत बसत नाहीत. माणूस चालेल एवढ्याच वेगानं गाडी न्यायची, आणि ते खिडकीवर हात ठेवून शेजारनं चालत येतात. काठी विसरतात घरी. "दुसरा टाक. आता तिसरा नगं. आरशात बघ. माझ्याकडं न्हाय, आरशात!"

कामगार सायकलींवरनं आम्हाला मागं टाकून जातात. काल एक जण ओरडला, "काकू, बैल दमला, पाणी पाजा!" मी हॉर्न वाजवला. मालक म्हणाले, "उगा वाजवू नगंस." मी म्हटलं, "उगा न्हाय, तोंडावर वाजवला."

एक सांगायचं राहिलं. महिना झाला, हवा जात नाही. गोजाबाई घाबरली.

१८ सप्टेंबर

शिकाऊ लायसन मिळालं! कॉम्प्युटरवर प्रश्न येतात, बोटानं उत्तर दाबायचं. मी एकेक अक्षर लावून मोठ्यानं वाचत होते, शेजारची पोरं माझ्या उत्तरावर दाबायला लागली. साहेब म्हणाले, "मावशी, मनात वाचा." मी म्हटलं, मनात वाचलेलं मला कळत न्हाय. पास झाले.

पण एक घोळ झाला. शिकाऊ लायसनवर गाडी चालवायची तर शेजारी लायसनवाला माणूस बसलाच पाहिजे. शेजारनं चाललेला चालत नाही, मी विचारलं. मालकांना सांगितलं तर म्हणाले, "मग ऱ्हाऊ दे आता. गल्ली पण नगं. लई शिकलीस."

"आन् दसऱ्याला काय? तुमी चालवणार?"

"बघू."

यांच्या बघूचा मला आता राग यायला लागलाय. दसरा तोंडावर आला.

११ ऑक्टोबर

नंदीश आला. त्याच्या ओळखीचा अनिलकुमार उद्या येणार, गाडी बघायला. अजून दसरा उजाडला नाही आणि गिऱ्हाईक तयार! मी नंदीशला फाडून खाल्लं. तो म्हणाला, "अव्वा, मला काय हौस आहे का? अप्पा रस्त्याकडंसुद्धा बघत नाहीत. तुला दिसत नाही का?" मी म्हटलं, पाय दुखतो त्यांचा. तो माझ्याकडं बघत राहिला. वकिलासारखा बघतो.

संध्याकाळी चारी टायरची हवा गेलेली. चारी! दसऱ्याच्या आदल्या दिवशी! मी भिंतीकडं तोंड करून गोजाबाईला ऐकू जाईल असं सगळं बोलून घेतलं. मालकच मध्ये पडले, म्हणाले, "तिला नगं बोलूस, मला बोल."

"तुमाला कशाला बोलू? तुमी काय केलंय?"

मालक आत जाऊन पडले. जेवले नाहीत.

संघपाल पंप घेऊन आला, भरून दिली आणि पंप इथंच ठेवून गेला.

१२ ऑक्टोबर, दसरा

नीट लिहिते.

गाडी धुतली, झेंडूचा हार घातला, भस्म-कुंकू लावलं, चारी टायरखाली लिंबं ठेवली. लिंबावरनं गाडी गेली की पूजा पुरी. अनिलकुमार पेढा खात उभा. नंदीश म्हणाला, "बसा अप्पा."

मालक बसले. नवा सदरा, अंगभर घाम. दोन्ही हात स्टिअरिंगवर. किल्ली लावलेली. फिरवेनात. आम्ही सगळे उभे. उदबत्ती निम्मी जळून गेली. त्यांची बोटं पांढरी पडली होती. मग किल्ली तशीच सोडून उतरले आणि म्हणाले, "पाय." एवढंच. पण हात मात्र छातीवर होता.

नंदीशनं अनिलकुमारकडं बघितलं. अनिलकुमारनं पेढा संपवून टायरवर बूट मारून बघितला. माझ्या नव्या टायरवर!

मी आरतीचं ताट नंदीशच्या हातात दिलं, पदर खोचला आणि बसले.

"अव्वा, तू?"

"सरक. न्हायतर लिंबासंगट तू जाशील."

क्लच, किल्ली, पहिला. लिंबं फुटली. मला वाटलं तिथंच थांबवावी, पण पाय उचलायला विसरले आणि गाडी फाटकाबाहेर. समोर गोजाबाईची स्कूटर, हार घालून, रांगोळीत उभी केलेली. मी डावीकडं वळवली. मागनं मालकांचा आवाज, "हाफ क्लच! अगं हाफ क्लच!" आणि काय बघते, हा माणूस पळत आला. सळईसकट पळत आला! डावीकडचं दार उघडलं आणि आत बसला.

"दुसरा टाक! आरसा बघ! स्कूटर गेली, स्कूटर मागं गेली, सरळ कर आता!"

गल्लीच्या वळणापर्यंत बोलत होते. तिथं त्यांना कळलं आपण कुठं बसलोय. वरची कडी दोन्ही हातांनी धरली, डोळे मिटले, ओठात ओम नमः शिवाय.

मी विचारलं, "थांबू का?"

मग डोळे न उघडता म्हणाले, "म्होरं चढ हाय. थांबलीस तर बंद पडंल. चल."

सगळ्या गल्लीला फेरा मारून आलो. नंदीश ताट घेऊन तसाच उभा होता, आरती विझलेली. म्हणाला, "पण ठरलं होतं अप्पांनी चालवायची."

मी म्हटलं, "अप्पांनीच चालवली की. मी नुसतं चाक धरलं होतं."

मालक अजून आत बसलेलेच. उतरायचं सुचत नव्हतं. नंदीश वाकून खिडकीतनं त्यांच्याकडं बघत राहिला आणि मग अनिलकुमारला म्हणाला, "राहू दे. चहा घेऊन जा."

गाडी राहिली. गोजाबाईला सोनं द्यायला गेले. आपट्याचं पान हातात ठेवलं, पण चोरीबद्दल माफ केलंय असं काही म्हटलं नाही. ती म्हणाली, "झाली व्हय गं डायव्हर!" हसत होती. बाई मनानं वाईट नाही, फक्त हवा सोडते.

२४ नोव्हेंबर

पक्कं लायसन आलं. आज मंद्रूप.

दसऱ्यापासून मालक शेजारी बसतात. आधी डोळे मिटून बसायचे, मग एक उघडून, मग दोन्ही उघडून नुसत्या चुका काढायचे. सात रस्ता चौकात मधोमध गाडी बंद पडली तेव्हा चारी बाजूंनी हॉर्न, आणि हे खिडकीतनं तोंड काढून एका बसवाल्याला म्हणाले, "शिकतीय, दम धर की!" मी हसत सुटले म्हणून पुन्हा बंद पडली.

आज निघालो. नाका गेला, मोठा रस्ता लागला. हे म्हणत होते, साठच्या वर नगं, सायकलवाला दिसला की पार कडंनं घे, हॉर्न दे, नगं, देऊ नगंस, दचकंल. पुढं उसाचा ट्रॅक्टर लागला. दोन ट्रॉल्या, मुंगीच्या चालीनं. मी असल्याच्या मागं राहणारी बाई नाही. इंडिकेटर दिला, आरसा बघितला, आता पुढं घालणार, तर डावीकडनं काही आवाजच नाही. ना नगं, ना घाल. बघते तर मालक झोपलेले. मान पट्ट्यावर कललेली, तोंड उघडं, हात मांडीवर सोडलेले. फेब्रुवारीपासून दुपारीसुद्धा असे झोपले नव्हते.

मी इंडिकेटर बंद केला. ट्रॅक्टरच्या मागंच राहिले. मागनं गाड्या हॉर्न मारून पुढं गेल्या, एकानं हातवारे केले. एरवी मी त्याला सोडला नसता. बाभळ आली. खड्डा आला. त्यात आता पाणी साठलंय आणि एक म्हैस बसली होती. आम्ही हळूच गेलो. हे घोरत होते.

अक्कांच्या दारात गाडी लावली. निंगव्वाअक्का बाहेर आल्या, "अगं तू चालवलीस? आन् ह्यो का उतरंना?"

"झोपलेत."

"मग उठव की!"

"असू दे अक्का. चहा टाका."

दोघी पायरीवर बसून चहा प्यालो. बऱ्याच वेळानं मालक उठले. आधी कळेना कुठं आहे. मग रस्त्याकडं मागं वळून बघितलं, माझ्याकडं बघितलं. मला वाटलं आता बोलतील काहीतरी. गाडीतनं उतरले, सदरा झटकला आणि गाडीभोवती फिरले. एकेक टायर अंगठ्यानं दाबून बघितला. मागच्या डाव्यापाशी थांबले, वाकून दोनदा दाबला.

म्हणाले, "ह्याच्यात हवा जरा कमी हाय, महानंदा. जाताना भरून घेऊ."

मला तर चारी सारखेच दिसत होते. पण म्हटलं, घेऊ.